हॉस्पिटलकडून उत्तर: ‘तीन आठवडे ताटकळत ठेवलं’

नमस्कार. तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. बायपासनंतर वडिलांचं छातीचं हाड जुळलं नाही, खोकलं की कट-कट वाजत होतं, ‘शुगर आणि विडीचं कारण सांगून’ आम्ही ते जुळवायच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे ताटकळत ठेवलं, बिल मात्र वेळेवर दिलं, हे हॉस्पिटल नव्हे दुकान आहे, असं लिहून तुम्ही एक स्टार दिलात. पहिल्या दिवशी ओपीडीत तुम्हाला अडीच तास बसावं लागलं, त्याबद्दल माफी मागतो. मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) अडकलो होतो, पण बाहेर येऊन कुणीतरी तसं सांगायला हवं होतं. ते झालं नाही, चूक आमची.

तीन आठवड्यांबद्दल मात्र मला बोलावंच लागेल. ते १९ दिवस होते आणि त्यातला एकही वाया गेलेला नाही.

बायपासच्या वेळी हाड मधोमध उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत सांधतं. काकांना आठ महिने होऊन गेले होते. सीटी स्कॅनमध्ये दोन तारा तुटलेल्या दिसल्या, आणि बाकीच्या, तारेनं साबण कापावा तशा, हाडात रुतत गेलेल्या. आधीच्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. शुगर, विडी आणि जुना खोकला एकत्र आले की नीट बांधलेलं हाडही सुटतं.

आता अशा छातीत टायटॅनियमच्या प्लेट आणि स्क्रू बसवायचे. आत थोडाही जंतुसंसर्ग असेल, तर त्या धातूवर जंतू घर करतात आणि मग सगळं काढून टाकावं लागतं. म्हणून आधी तो नाही याची खात्री केली. काकांची साखर पहिल्या दिवशी २८० होती. तीन महिन्यांची सरासरी तीन आठवड्यांत बदलत नाही, हे मलाही कळतं. पण रोजची साखर १८० च्या खाली आल्याशिवाय मी ती छाती उघडणार नव्हतो. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एक, त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, पाच दिवस आधी बंद केली. दुसरी चालूच ठेवली, कारण बायपासच्या नळ्या बंद पडून चालणार नव्हतं.

दुसरा सीटी ‘पैशासाठी’ काढला, असं तुम्ही म्हणता. पहिला साधा होता, त्यात रक्तवाहिन्या नीट दिसत नाहीत. एकदा छाती उघडलेली असली की हृदय आतून हाडाच्या मागच्या बाजूला चिकटलेलं असू शकतं, बायपासची नळीही तिथूनच गेलेली असते. तुटलेली तार ओढताना ते फाटलं, तर माणूस टेबलावरच दगावतो. किती अंतर आहे ते मला आधी बघायचं होतं. हार्ट-लंग मशीन, म्हणजे गरज पडली तर हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र, आणि ते चालवणारा तंत्रज्ञ बाहेरून येतो, त्याची तारीख मिळायलाही चार दिवस गेले. मशीन लागलं नाही, हे काकांचं नशीब. पण ते शेजारी उभं होतं.

प्लेट आणि स्क्रूच्या पाकिटांवरची स्टिकर्स किमतीसकट तुमच्या फाइलला चिकटवलेली आहेत. एकदा ताडून बघा.

आणि एक सांगतो, राग मानू नका. त्या १९ दिवसांत काका दोनदा स्कूटर चालवत तपासणीला आले, छातीचा पट्टा डिकीत ठेवून. तेव्हा मी आवाज चढवला. त्याला तुम्ही ‘उर्मट वागणूक’ म्हटलंत. माझे वडील असते तरी मी तसाच ओरडलो असतो. आमच्या रिसेप्शनवरच्या ताई अकरा वर्षं इथे आहेत. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर जे बोललात, त्यानंतर त्या आत जाऊन रडल्या.

वीस खाटांचं हॉस्पिटल आहे, ओटीचं कर्ज अजून फिटायचं आहे. तुमचा अभिप्राय वाचून या आठवड्यात दोघांनी तारीख रद्द केली. ‘दुकान’ हा शब्द लागला, हे लपवत नाही.

ओपीडीतल्या वेळेचं काहीतरी करतोच आहोत, उशीर होणार असेल तर फोन करायला माणूस बघतोय.

पुढच्या सोमवारी काकांच्या ऑपरेशनला सहा आठवडे होतील. एक्स-रे काढायला घेऊन या, तपासणीचे पैसे नाहीत. चारच्या आधी आलात तर थांबावं लागणार नाही. आणि त्यांना रिक्षातून आणा.