गोळ्यांची पिशवी कोण उघडणार?

"डॉक्टर पुरेसे नाहीत, नर्स पुरेशा नाहीत आणि तुला गावच्या दवाखान्यात क्लिनिकल फार्मासिस्ट हवा?" आमचा मास्तर मित्र काल कट्ट्यावर आमच्या एका मैत्रिणीवर उखडलाच. "गोळ्या मोजून द्यायला कुणीही चालतो."

ती क्लिनिकल फार्मसी, म्हणजे रुग्णाची सगळी औषधं एकत्र तपासून जुळवण्याचं शास्त्र, शिकलेली. म्हणाली, "मोजण्याबद्दल मी बोलतच नाहीये. सत्तरीची एक बाई घे. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी. गुडघे धरले, म्हणून दुसऱ्या डॉक्टरने डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी दिली. चिठ्ठ्या वेगवेगळ्या वाचल्यास तर कुणाचंच चुकलेलं दिसणार नाही. पण किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी डायक्लोफिनॅकने आवळते, बाहेर नेणारी एनालाप्रिलने सैल पडते, आणि लघवीच्या गोळीने शरीरातलं पाणीच कमी झालेलं. गाळायला दाब उरणार कुठून? वर जुलाब लागले की किडनी काही दिवसांत बसू शकते. जवळ प्रयोगशाळा असेल तर रक्त तपासून कळेल तरी. नसेल तिथे?"

सगळे गप्प झाले. मलाही हे तीन औषधांनी मिळून होणारं नुकसान एवढं स्पष्ट कधी कळलं नव्हतं.

डॉक्टर मित्र मात्र हटला नाही. "हे बघायचं काम माझं आहे, मान्य. रांग मोठी असते, निसटतं, तेही मान्य. पण मी दिलेलं औषध तू बदललंस आणि रुग्णाला काही झालं, तर जबाबदार कोण?"

हा प्रश्न खरा आहे. तो टाळून कुणी फार्मासिस्टची बाजू मांडू नये, असं मला वाटतं. तिनेही टाळला नाही. "आधी कागदावर ठरवायचं. लॉस एंजेलिसमध्ये 52 केशकर्तनालयांत एक प्रयोग झाला, 2018 साली निकाल छापून आले. त्यातल्या काही दुकानांत फार्मासिस्ट बसवले होते. डॉक्टरांशी केलेल्या करारानुसार ते तिथेच रक्तदाबाची औषधं सुरू करत, वाढवत. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी 27 अंकांनी उतरला. दुसऱ्या गटाला न्हावी नुसतं 'डॉक्टरकडे जा' म्हणत होते, तिथे 9 अंकांच्या आसपास."

"ते महानगर आहे!" मास्तर.

"आहेच. गावात अंतर जास्त, म्हणून तर औषधाचा डोस जुळवायला दर वेळी डॉक्टरपर्यंत जायला लागू नये. इंग्लंडमध्ये तर जादा प्रशिक्षण घेतलेले फार्मासिस्ट 2006 पासून स्वतः औषध लिहून देतात."

मला एक अट घालावीशी वाटली. रुग्णाचे कागद बघायला मिळाले नाहीत, तर हा माणूस नुसता खिडकीमागे बसेल. किडनीचा रिपोर्टच समोर नसेल तर मधुमेहाची मेटफॉर्मिन कमी करायची की बंद, हे तो कशावरून सांगणार? तिने जोरात मान हलवली. डॉक्टरही म्हणाला, "कागद एकच ठेवू. तिने काय बदललं ते मला त्याच पानावर दिसलं पाहिजे."

मग नवाच वाद पेटला. डॉक्टर आठवड्यातून एक दिवस फिरत्या फार्मासिस्टला तयार होता. ती म्हणाली, "रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असलेल्याला सोमवारी कोट्रायमोक्साझोल, म्हणजे वॉरफरिनचा परिणाम वाढवणारं प्रतिजैविक दिलं, तर रक्तस्राव माझ्या गुरुवारची वाट बघेल का?"

"मग उरलेले दिवस फोनवर."

"फोन चालेल. पण रुग्णाच्या घरातल्या गोळ्यांची पिशवी समोर कोण ओतणार?"

"नर्स," डॉक्टर म्हणाला. मास्तर लगेच उसळला, "म्हणजे पुन्हा नर्सच्याच डोक्यावर!"