गाणं विकत पाहिजे, पावतीसकट

पैसे देऊन गाणं विकत घ्यायचंय, असं अमळनेरात कुणाला सांगून बघा. समोरचा आधी तब्येतीची चौकशी करतो, मग घरच्यांची, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "पतपेढीत सगळं ठीक ना?" मी पतपेढीत नोकरीला आहे. माझी बुद्धी फिरली तर ते ठेवीदारांना वेळेवर कळायला हवं, हे मलाही मान्य आहे.

पण विकत घेण्याचं महत्त्व निदान या गावाला तरी सांगावं लागू नये. १९४५ साली इथे वनस्पती तुपाची कंपनी निघाली. तिचे शेअर काही लोकांनी घेतले आणि लोखंडी पेटीत लुगड्यांखाली ठेवून दिले. पुढे तुपाची कंपनी कॉम्प्युटरची विप्रो झाली, तेव्हा नातवंडांनी पेटीला नमस्कार करून झाकण उघडलं. आमच्या आजोबांनी शेअर न घेता बैल घेतला. बैल गुणी होता असं सगळे सांगतात. तेव्हापासून आमच्या घरात ठरूनच गेलंय: घ्यायचं ते आपल्या नावावर घ्यायचं, कागद मागून घ्यायचा आणि पेटीत ठेवायचं. मग ते गाणं का असेना.

गाण्याची गरज पडली कानबाईमुळे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. रोटांचा नैवेद्य होतो, रात्रभर गाणी होतात. आईच्या वयाच्या बायकांना गाणी तोंडपाठ. पण आता गुडघे साथ देत नाहीत आणि दम पुरत नाही, म्हणून मधूनमधून चाकं असलेला ट्रॉली स्पीकर लावावा लागतो. मागच्या श्रावणात भाच्याने त्याला आपला फोन ब्लूटूथने जोडला. अहिराणी गाणं रंगात आलं, बायका फुगडीला उभ्या राहिल्या, आणि कानबाईच्या पुढ्यात एक बाई मोठ्या उत्साहाने संडास चकाचक करायचं औषध विकायला लागली. जाहिरात पाच सेकंदांनी पुढे ढकलता येते म्हणतात, पण फोन भाच्याच्या खिशात आणि भाचा स्वयंपाकघरात. तोवर निम्म्या बायकांनी किंमत ऐकून घेतली होती.

पुढच्या गाण्याला फोन आला. अख्ख्या गल्लीला स्पष्ट ऐकू गेलं की भाच्याचं तीन लाखांचं कर्ज मंजूर झालेलं आहे, त्याने फक्त हो म्हणायचंय. आईने कानबाईकडे बघून कानाला हात लावले. पतपेढीतला माणूस घरात असताना पोराने बाहेर कर्ज काढावं, तेही देवीसमोर!

त्याच रात्री मी ठरवलं. गाणं घ्यायचं, रीतसर पैसे मोजून घ्यायचं, पेनड्राइव्हमध्ये ठेवायचं. नेट नको, जाहिरात नको, कर्ज नको.

"मामा, प्रीमियम घ्या ना," भाचा म्हणाला. "जाहिराती जातात. डाउनलोडपण होतं."

"मग ते पेनड्राइव्हमध्ये टाकून दे."

"ते नाही होत. ते ॲपच्या आत असतं."

"बाहेर काढ."

"बाहेर येत नाही मामा."

"आणि पुढच्या महिन्यात पैसे भरले नाहीत तर?"

"मग वाजत नाही."

याला आमच्या पतपेढीत भाडं म्हणतात. आणि भाड्याच्या घराची नोंद आम्ही मालमत्तेच्या रकान्यात घेत नाही.

मग मोबाइलच्या दुकानात गेलो. "गाणी मिळतील का?" तर पोरगा मान वर न करता म्हणाला, "किती जीबी मारू?" इथे गाणी मारून मिळतात, आणि गाण्यावर नाही, वजनावर. मी म्हटलं, मला ठरावीक गाणी पाहिजेत. त्याने फोल्डर दाखवले: 'हळदी स्पेशल', 'नॉनस्टॉप नवीन', 'नॉनस्टॉप नवीन २', 'नवीन खरं'. कानबाईचं एक गाणं निघालं, पण दर कडव्यानंतर एक माणूस आपलं, आपल्या गावाचं आणि आपल्या साउंड सिस्टीमचं नाव ओरडत होता. देवीचं नाव त्या मानाने कमी वेळा येत होतं. मी पावती मागितली. त्याने रिचार्जची दिली. मग मात्र मला बोलावंच लागलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो, हे मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, इतकी जुनी गाणी आपण नाही ठेवत. चालत नाहीत."

रीतसर विकणारे कधी झालेच नाहीत असं नाही. अमेरिकेत ॲपलने २००३ मध्ये ९९ सेंटला एक गाणं विकायला काढलं आणि तिथल्या लोकांनी ते घेतलं. आपल्याकडे फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान थाटलं. गाणी ६ रुपयांपासून, म्हणजे एका चहाच्या पैशात एक गाणं जन्मभरासाठी. पुढच्याच वर्षी जूनमध्ये ते बंद झालं. गूगलनेही २०१६ मध्ये आपल्याकडे गाणी विकायला घेतली आणि २०२० मध्ये गुंडाळली. चहाची दुकानं मात्र सगळी चालू आहेत. हक्काने पैसे द्यायला निघालेला गिऱ्हाईक मी, पण उगवलो तेव्हा बाजार उठलेला होता.

कानबाईच्या आधी हात बसावा म्हणून म्हटलं, स्वतःसाठी एक अभंग घेऊन बघू. धुळ्याला जाताना मध्येच रेंज जाते आणि विठ्ठल तोंड उघडं ठेवून थांबतो. तेवढ्यासाठी गाडीत लावायला. एका परदेशी दुकानात भीमसेन जोशींचा अभंग सापडला. मी हर्षभराने 'खरेदी करा' दाबलं. उत्तर आलं: हे गाणं आपल्या देशात उपलब्ध नाही. मी परत वाचलं. पंढरपूरचा विठ्ठल, पुण्यात राहिलेले भीमसेनजी, अमळनेरचं गिऱ्हाईक, आणि देश आपला नाही! भाच्याने समजावलं की गाण्यांचे हक्क देशवार विकले जातात. त्या दुकानाकडे इथे विकायचा हक्क नाही, तिकडे आहे. म्हणजे तोच अभंग ऐकायला मी न्यू जर्सीला स्थायिक झालो तर अडचण नव्हती.

दुसरं दुकान इथे विकायला तयार होतं, पण डॉलरमध्ये. माझ्या कार्डाने नकार दिला. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमाने नवीन कार्ड फक्त देशातल्या व्यवहारांपुरतं चालू असतं. परदेशी खरेदी आपण मुद्दाम सुरू करावी लागते. नियम चांगला आहे, मी स्वतः ठेवीदारांना तो समजावून सांगतो. पण ॲपमध्ये ते बटण काही सापडेना, म्हणून बँकेत फोन केला.

"परदेशातून काय घेताय सर?"

"अभंग."

पलीकडे जरा शांतता पसरली. मग फार मायेने विचारणा झाली, "सर, तुम्हाला आत्ता कुणाचा फोन आला होता का? ओटीपी कुणाला सांगितलात का? घाबरू नका, घरात दुसरं कुणी आहे का?" शेवटी सौभाग्यवतींनी फोन घेऊन, माणूस शुद्धीवर आहे आणि असाच आहे, याची खात्री दिली. मग बटण सुरू झालं. अभंगाची किंमत, त्यावर परकीय चलनाचा आकार, त्या आकारावर जीएसटी. विठ्ठलाला इतका कर जिझियाच्या काळातही लागला नसेल.

पैसे गेले आणि अटी आल्या. त्या मी वाचल्या. पतपेढीत राहून अटी न वाचणं शोभत नाही. अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. 'माझं' म्हणून जे काही असतं ते खरोखर माझं का, या विचारात तिथे मोठमोठ्यांनी उमेदीची वर्षं घालवली. मी अटींचं शेवटचं पान उलटलं आणि त्याच मुक्कामी पोचलो. पैसे माझेच होते. गाणं माझं नव्हतं. मला ते ऐकण्याचा परवाना मिळाला होता. तो वैयक्तिक, आणि दुसऱ्याला देता न येण्याजोगा.

त्यानंतर विचारणा झाली, कुठल्या रूपात हवं? एमपी-थ्री, फ्लॅक की वेव्ह? भाचा म्हणाला, फ्लॅक घ्या; एमपी-थ्रीमध्ये कानाला कळणार नाही असे आवाज गाळून टाकतात, फ्लॅकमध्ये सीडीचा कणही जात नाही. जे मला ऐकू येणार नाही त्याचेही पैसे भरलेले आहेत म्हटल्यावर मी ते कशाला सोडू? फ्लॅक घेतलं. फाइल फोनमध्ये उतरली असं फोननेच सांगितलं, कुठे उतरली ते सांगितलं नाही. शोधता शोधता जुना सातबारा सापडला, गॅसचं बिल, कुणाच्या तरी साखरपुड्याची पत्रिका, आणि माझंच आधार कार्ड पाच ठिकाणी. अभंग सगळ्यात खाली, झिप होऊन बसलेला.

गाडीच्या टेपने मात्र फ्लॅक ओळखलं नाही. मग त्याच दुकानातून, वेगळे पैसे पडले नाहीत म्हणून, एमपी-थ्री उतरवलं. आता टेपने पेनड्राइव्ह ओळखला नाही. मोठे पेनड्राइव्ह येतात त्या मांडणीत जुन्या टेपला वाचता येत नाही, त्याला फॅट-थर्टी-टू लागतं, आणि आठ जीबीचा लहान पेनड्राइव्ह दुकानात मागितला तर पोरगा मला म्युझियम दाखवल्यासारखं हसला. शेवटी कपाटात जुना निघाला. टेपच्या पडद्यावर अभंगाचं देवनागरी नाव चौकोन, चौकोन, चौकोन असं उमटलं, पण वाजला. धुळ्यापर्यंत एकदाही थांबला नाही. वाटेत रेंज गेली तेव्हा मी मुद्दाम काच खाली करून आवाज वाढवला.

राहिली कानबाई. अहिराणी गाणी कुठल्याच दुकानात विकायला नव्हती. आमच्याकडे अहिराणी गाणी निघतात उदंड, लग्नात त्यांच्याशिवाय वरात हलत नाही, पण सगळा संसार यूट्यूबवर. म्हणून थेट गायकाकडेच गेलो. पारोळ्याकडचा गडी, आवाज खणखणीत. म्हटलं, गाणी विकत पाहिजेत.

"पैसा कसाना भो? लाइक कर, सबस्क्राइब कर, घंटी दाब!"

मी पावतीचं काढलं, तसा तो सावध झाला. "तू इन्कम टॅक्सना माणूस से का?" पतपेढी म्हटल्यावर आणखी सावध झाला. चहा आला, ओळखीपाळखी निघाल्या, आणि मग त्याने खरी अडचण सांगितली. "तू पेनड्राइव्हवर ऐकशी, त मना व्ह्यू जाई ना भो!" त्याचं पोट व्ह्यूवर. लोक फुकट ऐकतात, जाहिराती बघतात, त्यातून त्याला चार पैसे येतात. आणि मी एकटा प्रामाणिकपणे पैसे देऊन त्याचं नुकसान करायला निघालेलो. या पेचावर कायद्यात काही सापडणार नाही. आम्ही दोघांनी मिळून तोडगा काढला: पैसे मी स्कॅनरवर द्यायचे, फाइली त्याने द्यायच्या, आणि घरी गेल्यावर मी प्रत्येक गाणं यूट्यूबवर एकदा पूर्ण चालवायचं, जाहिरात न टाळता. पावती त्याने कार्यक्रमाच्या बिलबुकातून फाडून दिली: 'कानबाईना गाना, नग ८.' वर शिक्कासुद्धा मारला. ती पावती पेटीत आहे.

घरी आईने पावती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "गाना इकत लयना? पैसा जास्त व्हयनात का तुले?" पण कानबाईच्या रात्री पेनड्राइव्ह लागला आणि एकही औषध विकलं गेलं नाही. गाणं सुरू झालं ते संपलं, मग दुसरं सुरू झालं. बायका दोनदा सवयीने थांबल्या, जाहिरातीसाठी. मग मात्र फुगडी तुटेना. शेजारच्या काकू, समोरच्या वहिनी, सगळ्यांचं एकच: हे आम्हाला पण द्या.

मी परवान्याचं बोललो. गायकाला मी तोंडी शब्द दिला होता, घरापुरतं म्हणून. आणि घरापुरतं म्हणजे काय, हे कानबाईच्या घरात सांगायला नको. रोटांचा प्रसाद आमच्याकडे भाऊबंदकीतच खायचा असतो. कुळ वेगळं असलं की जीव की प्राण असलेला माणूसही दारात बसून वास घेतो. परवाना याहून काय वेगळा? भाचा तर बहिणीचा, आडनाव वेगळं. तो दरवर्षी रोटांकडे बघत भात खातो.

"मामा," तो म्हणाला, "रोट नाही तर नाही, पेनड्राइव्ह तरी द्या."

मी आईकडे पाहिलं. रोटाचा तुकडा उंबऱ्याबाहेर पडू नये म्हणून जी बाई रात्रभर पातेल्याशी पहारा देते, तिनेच स्पीकरमधून पेनड्राइव्ह उपसून त्याच्या हातावर ठेवला. "लई जाय भाऊ. गानास्ले काय भाऊबंदकी ऱ्हास का?"

पुढच्या आठवड्यात रिचार्जसाठी मोबाइलच्या दुकानात गेलो. पोरगा मला बघून पहिल्यांदाच उठून उभा राहिला. "काका, तुमचंच काम झालं बघा! कानबाईची ओरिजिनल गाणी आलीत. नग आठ, एकदम क्लिअर, मध्ये कुणी ओरडत नाही. किती जीबी मारू?"