पाल्हाळ आवरा हो!

सिंहगडावर कसं जायचं, वाचणाऱ्याला एवढंच हवं असतं. पण ब्लॉगवरचा भटकंतीचा लेख सुरू कुठून? 'पुणे हे विद्येचं माहेरघर...' अहो, माहीत आहे! मग 1670 येतं, तानाजी येतात, घोरपड येते. स्वारगेटवरून बस मिळते आणि पायवाट आतकरवाडीतून चढते, हे मात्र शेवटून दुसऱ्या ओळीत, पिठलं-भाकरीच्या फोटोखाली!

फोटो तरी कसला? मोबाइलमधून निघाला तसाच 5 एमबीचा चढवलेला. पायथ्याशी नेटवर्कची एक दांडी. उघडणार कधी, पुढच्या पावसाळ्यात? रुंदी 1200 पिक्सेल करा, 200 केबीच्या आत बसवा. दोन मिनिटांचं काम!

आणि तो सलग चाळीस ओळींचा परिच्छेद? छोट्या स्क्रीनवर नुसती भिंत दिसते. चार ओळींनंतर तोडा की! शीर्षक काय, तर 'एक अविस्मरणीय अनुभव'. कशाचा? गडाचा, लग्नाचा की पीएमपीच्या बसमधल्या गर्दीचा?

लिहून झालं की पहिला परिच्छेद उडवून बघा. बहुतेक लेखांचं काडीचंही बिघडत नाही. मग उरलेलं मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य मोडा. पण छे, एवढे कष्ट कोण घेणार? त्यापेक्षा शेवटी 'कसं वाटलं, नक्की कळवा' लिहिणं सोपं. काय कळवायचं? परतीची शेवटची बस कितीला, ते आधी तुम्हीच कळवा ना!