चालणाऱ्यांचा बंदोबस्त: नव्या नगरसेवकांसाठी

निवडून आल्याबद्दल अभिनंदन. पुण्यातल्या प्रभागात टेकडीची वाट, नदीकाठ, उद्यान असले विषय घेऊन मंडळी येणारच. घाबरू नका आणि 'होणार नाही' असं तर कधीच म्हणू नका. सगळं करा, फक्त शेवटचे तीन मीटर सोडा. वाट रस्त्याला मिळते तिथेच अडवली की मागचे दोन किलोमीटर आपसूक वाया जातात. फ्लेक्सवर छापायला दोन किलोमीटर असतातच.

पहिलं काम फाटकाचं. दुचाकी आत शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवायचे. दोन खांबांमध्ये 90 सेंटिमीटर मोकळी जागा असली तर व्हीलचेअर सुटते, म्हणून 60च ठेवा. खांब मात्र गुडघ्याएवढेच हवेत. स्कूटरचं हँडल त्यांच्या वरून जातं आणि खालचं धूड मधून सरकतं. अडकते ती व्हीलचेअर आणि बाळाची गाडी. हेतू सफल.

पदपथासाठी इंडियन रोड्स काँग्रेसचा, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचा दंडक आहे: किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी. रुंदी खुशाल 1.8 मीटर द्या, 'मोकळी' हा शब्द तेवढा गाळा. महावितरणची डीपी (विजेची पेटी), झाडाचा पार आणि तुमच्या नावाचं बाकडं त्यातच बसतं. दृष्टिहीनांसाठीच्या पिवळ्या फरशांची रांग थेट डीपीपर्यंत न्या. पेव्हर ब्लॉक बसवताना कडेला दगड लावू नका. मग खालची वाळू वाहून जाते, ब्लॉक फाकतात आणि पावसाळ्यात पाय ठेवला की गढूळ पिचकारी नेमकी इस्त्रीच्या पँटवर उडते.

टेकडीवर खरी कला लागते. जाणकार माणूस वाट उताराला आडवी, वळणं घेत काढतो. चढ शक्यतो दहा टक्क्यांच्या आत आणि दरीच्या बाजूला जेमतेम पाच टक्के कल, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता तिला ओलांडून जातं. त्याला ना सिमेंट लागतं ना मोठं बिल. तुम्ही पायथ्यापासून माथ्यापर्यंत सरळ काँक्रीटच्या पायऱ्या घाला. एक 15 सेंटिमीटरची, पुढची 25ची. गुडघे दुखायला लागले की लोक पायऱ्या सोडून शेजारच्या मुरुमावरून चालतात. तिथलं गवत जातं, पहिल्या पावसात घळ पडते, दुसऱ्या पावसात पायऱ्यांखालची माती निघते. तिसऱ्या वर्षी 'मजबुतीकरण' म्हणून नवी निविदा काढायला तुम्ही मोकळे! उरलेल्या जागी गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावा. पाणी न घालताही जगतं, गवताळ माळ झाकून टाकतं आणि वृक्षारोपणाच्या आकड्यात चोख बसतं.

नदीकाठाबाबत निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर आणि लाल म्हणजे 100 वर्षांतून, एवढं पाठ असू द्या. जुलै 2024 मध्ये खडकवासला धरणातून 35 हजार क्युसेकच्या घरात पाणी सोडलं आणि नदीकाठची एकतानगरी वसाहत पाण्यात गेली, हे कुणी काढलंच तर विषय सुशोभीकरणाकडे वळवा. जॉगिंग ट्रॅक पार खाली, पात्राला खेटून घ्या. म्हणजे पुराचा गाळ काढायचं काम दरवर्षी निघतं. भिंत पाच मीटर उंच असेल तर 1:12 च्या उताराला 60 मीटर रॅम्प लागतो, शिवाय मध्ये विसाव्याच्या सपाट जागा. त्याऐवजी 33 पायऱ्या घातल्या की काम थोडक्या जागेत आटोपतं. ज्यांना चढता येत नाही त्यांनी पुलावरून नदी पाहावी. वास तिथंही येतो.

उद्यानाला मुख्य फाटक मोठ्या रस्त्याकडे, तेही झेब्रा पट्टे नसतील तिथे. मागच्या वस्तीकडचं फाटक 'सुरक्षेच्या कारणास्तव' कुलूपबंद. किल्ली माळ्याकडे, माळी ठेकेदाराचा आणि ठेकेदार फोन उचलत नाही. वस्तीतली पोरं भिंतीवरून उड्या मारायला लागली की भिंतीवर काचा लावण्याचा प्रस्ताव आणा.

तरीही एखादा निवृत्त गृहस्थ मोजपट्टी आणि फोटो घेऊन दारात उभा राहिलाच, तर त्याला चहा पाजा आणि हद्दी समजावून सांगा. टेकडी वनखात्याची, नदी पाटबंधाऱ्याची, पदपथ पथ विभागाचा, झाड उद्यान विभागाचं, डीपी महावितरणची. ते तीन मीटर या सगळ्यांच्या मध्ये येतात, म्हणून कुणाच्याच अंदाजपत्रकात नाहीत. एवढं ऐकूनही तो हलला नाही, तर पाचही खात्यांची संयुक्त पाहणी लावा. वेळ दुपारी दीडची द्या, म्हणजे उद्यान बंद असतं.