कूवाहून लालबागकडे पाहताना

आमच्या चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण रंगात येतं तेव्हा मुंबईत रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि इथे कॅरिबियनमधल्या त्रिनिदादमध्ये दुपारचे बारा. 2025च्या जूनमध्ये विषय होता पहिलीपासूनच्या हिंदीचा. 29 जूनला सरकारने आदेश मागे घेतला आणि ग्रुपवर पेढे वाटले गेले. दुसऱ्याच दिवशी भाच्याने लिहिलं, "मामा, भाषेचं जाऊ दे. नोकऱ्यांचं बोल. सगळ्या ह्या भय्यांनी खाल्ल्यात."

मी उत्तर टाइप करून खोडलं. कारण मी ज्या गाडीवर उभा होतो तिचा मालक, भाच्याच्या व्याख्येने, पक्का भय्या होता. दोन बारे (तळलेल्या मऊ पुऱ्या), मधे चण्याची पातळ उसळ, वर काकडी आणि जीव जाईल अशी मिरचीची चटणी. ह्याला इथे डबल्स म्हणतात. त्याचे पूर्वज भोजपुरी मुलखातून आले, कुठल्या गावातून ते त्याला ठाऊक नाही. 30 मे 1845ला 'फातेल रझाक' नावाच्या जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे कराराने आणलेले मजूर, इथे उतरले. 1917पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार आले, बहुतेक युपी-बिहारकडचे. आज लोकसंख्येत त्यांचे वंशज 35 टक्के आहेत, आफ्रिकन वंशाचे जवळजवळ तितकेच. भोजपुरी बोली म्हणून संपली, शब्द उरले. वडिलांच्या आईला इथे 'आजी' म्हणतात. पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा पोटात कालवलं.

तर हा गाडीवाला मला चटणी वाढता वाढता सांगत होता की शेजारच्या व्हेनेझुएलावाल्यांनी नोकऱ्या खाल्ल्या. निम्म्या पैशांत राबतात, दहा जण एका खोलीत राहतात. 2019मध्ये सरकारने त्यांची नोंदणी केली तेव्हा 16,523 नावं लागली. नोंद न झालेले वेगळे. सुरात काही फरक नव्हता. मी डोळे मिटले असते तर लालबाग नाक्यावर असतो.

नोकऱ्या गेल्या कुठे हे मात्र इथे लपून राहिलेलं नाही. मी राहतो त्या कूवाच्या आसपास सगळा ऊस होता. 2003मध्ये करोनी ही सरकारी साखर कंपनी बंद झाली, सुमारे नऊ हजार माणसं घरी बसली. जमीन देऊ म्हणाले, ती मिळता मिळता वर्षं गेली. 2018मध्ये पेट्रोट्रिन ह्या सरकारी तेल कंपनीची रिफायनरी बंद झाली. उरला गॅस. मी पॉइंट लिससला अमोनियाच्या प्लांटवर काम करतो. डोंगराएवढा पसारा, पण रात्रपाळीला माणसं बोटांवर मोजावीत. देशाला डॉलर मिळतात, पोरांना काम मिळत नाही.

त्याची भरपाई म्हणून सरकारने काम 'वाटलं'. गटारं साफ करा, गवत कापा, दहा दिवसांची हजेरी. लोक त्या योजनेला सरळ 'टेन डेज' म्हणायचे. कुणाला दहा दिवस द्यायचे ते वस्तीतला मुकादम ठरवणार, मुकादम कोण ते पक्ष ठरवणार. हळूहळू मुकादमकी बंदुकवाल्यांकडे गेली. हजेरीपटावर भुतांची नावं, पैसे टोळीला. अशा माणसांना इथे 'कम्युनिटी लीडर' म्हणतात. आणि जो दहा दिवस गवत कापायचा तो त्या काळात बेकार मोजला जायचा नाही, त्यामुळे कागदावर बेकारी 5 टक्क्यांच्या आसपास दिसायची आणि मंत्री खूश.

2002पासून चालणारी अशीच एक सफाई योजना, सेपेप, नव्या सरकारने जून 2025मध्ये एका फटक्यात थांबवली. दहा हजारांहून जास्त लोक रस्त्यावर आले. कंत्राटांत घोटाळा होता, असं सरकार म्हणतं. आम्ही विरोधकांना मत दिलं म्हणून सूड घेतला, असं वस्त्या म्हणतात. मला दोन्ही पटतं. ती योजना जायलाच हवी होती, पण हातात दुसरं काही न ठेवता नाही.

2024मध्ये ह्या जेमतेम 14 लाखांच्या देशात सहाशेहून जास्त खून झाले. सव्वा कोटीच्या मुंबईत वर्षाला दोनशेही होत नाहीत. 30 डिसेंबरला आणीबाणी लागली, पण संचारबंदी नव्हती, कार्निव्हल नेहमीसारखा नाचला. बंदुका इथे बनत नाहीत. बऱ्याचशा अमेरिकेतून येतात, घरगुती सामानाच्या पिंपांत दडवून. माझ्याही घराला खिडकी-दारं सगळीकडे लोखंडी जाळी आहे, दोन कुत्रे आहेत. अंधारात चार पोरं उभी दिसली की मी रस्ता बदलतो. हे लपवत नाही.

राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या डोंगरावरची लॅव्हेंटिल ही बदनाम वस्ती. अर्जावर तो पत्ता लिहिला तर मुलाखतीला बोलावत नाहीत, म्हणून मुलं मावशीचा पत्ता लिहितात. हे ऐकलं आणि मला आमची चाळ आठवली. 1982च्या गिरणी संपानंतर बाबा घरी बसले. दादाच्या वर्गातली दोन पोरं 'भाईं'च्या मागे गेली, एक परत आला नाही. तेव्हा लालबाग-परळचा पत्ता सांगताना दादाचाही आवाज बारीक व्हायचा. पुढे त्याला बँकेत चिकटवलं ते शिवसेनेच्या लोकाधिकार समितीच्या रेट्याने. त्या पगारावर माझं इंजिनिअरिंग झालं. म्हणून स्थानिकांच्या मागणीला मी परदेशात बसून हसणार नाही. तो माझ्या ताटातला भात आहे.

पण इथे बारा वर्षं काढल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपते. गोळीबार झाला की रेडिओवर फोन सुरू होतात, आणि दुसऱ्या मिनिटाला विषय 'त्यांची मुलं', म्हणजे दुसऱ्या वंशाची, ह्यावर येतो. पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांनी 1962मध्येच बजावलं होतं की इथे कुणाची भारतमाता नाही, कुणाची आफ्रिकामाता नाही, आई एकच, त्रिनिदाद आणि टोबॅगो. तरी मतं आजही बव्हंशी वंशावरच पडतात. 2024मध्ये ठरलं की राजचिन्हावरची कोलंबसाची तीन जहाजं काढून तिथे स्टीलपॅन हे इथलं वाद्य ठेवायचं. मला ते आवडलं. पॅन त्याच लॅव्हेंटिलच्या डोंगरावर, तेलाच्या पिंपांतून घडला. चर्चा मात्र महिनोन्महिने चालली ती चित्राची. त्या डोंगरावरच्या पोरांच्या अर्जांचं कुणी काढलं नाही.

एकदा मात्र काढलं गेलं होतं. 12 मार्च 1970. पोर्ट ऑफ स्पेनची बेकार कृष्णवर्णीय पोरं उन्हातून चालत उसाच्या पट्ट्यात, ह्याच आमच्या कूवात आली. भारतीय आणि आफ्रिकन एक व्हा, असे फलक घेऊन. गावकरी घाबरले होते, तरी कित्येकांनी पाणी दिलं. पुढच्या महिन्यात, 21 एप्रिलला, ऊस कामगार राजधानीकडे निघायचे होते. त्याच दिवशी सरकारने आणीबाणी लावली आणि पुढारी उचलले. सरकारला भीती कशाची वाटली ते ह्या तारखेवरून मला कळतं. पोरं एकमेकांना शिव्या देत होती तोवर कुणाला आणीबाणी सुचली नव्हती.

भाच्याचं काम गिरणीच्या जागेवर उठलेल्या मॉलमध्ये आहे. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग एक महिना सुट्टी, मग पुन्हा नवं कंत्राट. मला ते 'टेन डेज'चंच इस्त्री केलेलं रूप वाटतं. ह्या वेळी त्याला नवं मिळालं नाही.

रात्री मी त्याला एवढंच विचारलं, "तुझ्या कंत्राटावर सही कुणाची असते?"

तिकडे सकाळ झाली होती. उत्तर लगेच आलं.

"ठेकेदाराची. आपलाच आहे, साताऱ्याचा. का?"