सिग्नल ऑफ आहे, या आत

माझं माहेर शिक्षकांचं आणि सासर रेल्वेचं. सासरे रिटायर्ड स्टेशन मास्तर, नवरा मालगाडीवर गार्ड. म्हणजे जानेवारी 2022 पासून तो गार्ड नाहीये, ट्रेन मॅनेजर आहे, पगार तोच काम तेच, नाव तेवढं साहेबी झालं. सासरे अजून गार्डच म्हणतात.

लग्नाला महिना झाला असेल, रात्री अकराला याचा फोन, "उशीर होईल गं, डबा सिक झालाय." मी मटकीची उसळ दिलेली, म्हटलं आंबली वाटतं. "मग खाऊ नकोस, टाकून दे." "टाकून कसा देऊ? कापलाय आणि सायडिंगला ठेवलाय." आता स्टीलचा डबा माणूस कशाने कापतो हो? मी घाबरून सासूबाईंना उठवलं, त्या कूस बदलत म्हणाल्या, "एक्सल गरम झाला असेल, झोप तू."

डबा मालगाडीचा होता; बिघडला म्हणजे 'सिक', गाडीपासून सोडवला म्हणजे 'कापला', आणि सायडिंग म्हणजे बाजूचा रूळ. तेव्हापासून मी साध्या शब्दांनाच घाबरते. अवघड शब्द परवडले, ते निदान कळत नाहीत. माझी बहीण जाहिरात कंपनीत आहे, ती एकदा जेवायला आली तर हा म्हणतो, "उद्या माझा पीआर आहे." ती खूश, "अय्या, कोण करतं तुझा पीआर?" याचा पीआर म्हणजे पिरिऑडिक रेस्ट, आठवड्याची सुट्टी हो, आणि त्यात 'फुल नाईट इन बेड' मिळाली पाहिजे असं चक्क नियमात लिहिलंय. हे त्याने तिला ताटावर बसून समजावलं. ती नंतर मला स्वयंपाकघरात हळूच विचारते, तुमचं सगळं ठीक आहे ना?

पण खरा घात केला ऑन-ऑफने. सगळ्या जगात ऑन म्हणजे चालू. रेल्वेत सिग्नल ऑन म्हणजे थांबा, ऑफ म्हणजे जा. जुन्या सिग्नलचा हात आडवा असला की ऑन, तिथून हलला की ऑफ, असं सासऱ्यांनी मला स्वतःचा हात आडवा धरून शिकवलंय, पण ते नंतर. आधी काय झालं, माझा मामा मुक्कामाला आलेला, सकाळी तो अंघोळीला गेला आणि तेवढ्यात लाईट गेली. बाथरूमची कडी महिनाभर मोडलेली. सासरे खांद्यावर टॉवेल टाकून पॅसेजमधून ओरडले, "सिग्नल ऑफ आहे का गं?" मी बघितलं, दिवा बंद. म्हटलं, "हो बाबा, ऑफ आहे." ते बिनधास्त आत. पुढचं लिहिण्यासारखं नाही. मामा त्यानंतर दोन वर्षं मुक्कामाला आला नाही आणि सासऱ्यांनी चहा पिताना एकच वाक्य टाकलं, "लाईन ऑक्युपाय असताना गाडी घेतलीस तू."

सासूबाई एक दिवस रेल्वेत नोकरीला नव्हत्या, तरी त्यांचं सगळ्यात वाईट आहे. कर्जतला घाट चढायला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात ना, ते बँकर. चढच तसा आहे, सदतीस फुटाला एक फूट. तर आमच्याकडे स्थळं बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर त्या नणंदेबद्दल म्हणाल्या, "आमची मुलगी हुशार आहे, फक्त सकाळी उठायला बँकर लागतो." मुलाचे वडील म्हणाले, "आमचा इंजिनिअर आहे, चालेल ना?"

आणि मी कोण? मी एल.व्ही. लास्ट व्हेईकल. गाडीच्या शेवटच्या डब्याला एल.व्ही.ची पाटी असते, ती दिसली की मास्तर समजतो गाडी अख्खी आली, मध्येच तुटून काही मागे राहिलं नाही. मी चालायला हळू, त्यात चपलेचा पट्टा नेहमी सुटलेला. कुठल्याही लग्नाहून परत आलो की सासरे दार धरून उभे. सासूबाई, नणंद, पोरं, पिशव्या सगळं आत गेलं तरी हलत नाहीत, जिन्याकडे बघत राहतात. मी धापा टाकत वर पोचले की आत ओरडतात, "एल.व्ही. आला," आणि मग कडी लावतात.