‘आवाज थांबेपर्यंत शिम घाला’ हा सल्ला का चुकीचा आहे

शेव्हरोलेचे स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन घरच्या गॅरेजमध्ये उतरवून पुन्हा बांधणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे: ‘नव्याने बांधलेल्या इंजिनाचा स्टार्टर किंचाळू लागला, तर आवाज थांबेपर्यंत त्याच्यावर शिम घालत जा, फ्लेक्सप्लेट सगळ्या सारख्याच असतात आणि बोल्ट कोणताही चालतो.’ यातली तीनही विधाने चुकीची आहेत. पहिल्यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच सर्वाधिक नुकसान त्यानेच होते. शिम म्हणजे स्टार्टर आणि ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, यांच्यामध्ये घालायची पातळ पत्री. फ्लेक्सप्लेट म्हणजे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मागच्या टोकाला बसणारी पातळ चकती; तिच्या काठावर रिंग गिअर हे दातेरी कडे असते.

या इंजिनात स्टार्टर ब्लॉकच्या खालच्या बाजूला लागतो, त्यामुळे दोन्ही बोल्टांवर बसणारी शिम पिनियनला, म्हणजे स्टार्टरच्या छोट्या दातेरी चाकाला, रिंग गिअरपासून दूर नेते. म्हणजे मुळात अंतर कमी असेल तरच तिचा उपयोग. अंतर कमी आहे की जास्त, हे आवाज कधी येतो यावरून कळते. इंजिन स्टार्टरवर फिरत असताना, सुरू होण्याआधीच, तीव्र किंचाळी ऐकू आली तर अंतर जास्त आहे आणि असलेली शिम काढायला हवी. इंजिन सुरू झाल्यावर, किल्ली सोडता सोडता ती आली, तर अंतर कमी आहे आणि शिम घालायला हवी. पहिल्या प्रकारात शिम घालणारा माणूस दातांची पकड आणखी उथळ करतो, सगळा भार दातांच्या टोकांवर येतो आणि थोड्याच दिवसांत रिंग गिअरचे दात झडू लागतात. काढायला शिमच नसेल, तर फक्त बाहेरच्या बोल्टापाशी शिम घालून पिनियन आत झुकवता येतो. हे सारे अंदाजाने करण्याची गरजही नाही. बॅटरीची ऋण तार सोडवावी, पिनियन हाताने पुढे ओढून रिंग गिअरमध्ये गुंतवावा आणि पिनियनच्या दाताचे टोक व समोरची खाच यांच्यात ०.०२० इंच जाडीची तार जाते का ते पाहावे. मग क्रँक फिरवून हीच तपासणी आणखी तीन-चार ठिकाणी करावी, कारण प्लेट वाकडी असेल तर अंतर जागोजागी बदलते आणि अशा प्लेटवर शिम हा इलाजच नव्हे. ०.०१५ इंचाच्या एका शिमने हे अंतर साधारण ०.००५ इंचानेच वाढते; त्यामुळे शिमांची चळत रचावी लागत असेल, तर दोष दुसरीकडे आहे असे खुशाल समजावे.

तो बहुधा फ्लेक्सप्लेटमध्ये सापडतो. या इंजिनांसाठी १५३ दातांची, सुमारे १२.७५ इंच व्यासाची आणि १६८ दातांची, सुमारे १४ इंच व्यासाची अशा दोन प्लेट मिळतात. लहान प्लेटच्या स्टार्टरचे दोन बोल्ट एका सरळ ओळीत असतात, तर मोठ्या प्लेटच्या स्टार्टरचे तिरपे, मागेपुढे. काही ब्लॉकना दोन्ही प्रकारची छिद्रे असल्यामुळे चुकीचा स्टार्टरही निमूटपणे बसतो आणि फसवतो. म्हणून आधी दात मोजावेत. शिवाय १९८६ पासून मागचे ऑइल सील दोन तुकड्यांऐवजी अखंड आले, तेव्हा क्रँकच्या टोकावरील बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास ३.५८ वरून ३ इंच झाला आणि ३५० घनइंचाच्या इंजिनात समतोलाच्या वजनाचा काही भाग फ्लेक्सप्लेटवर आला. जुन्या ३५० चा समतोल मात्र आतल्या आतच साधलेला असतो. त्याच्या क्रँकवर ४०० घनइंचाच्या इंजिनाची वजनदार प्लेट बसवली, तर बोल्ट जुळतात, दातही जुळू शकतात, पण इंजिन थरथरत राहते आणि ती थरथर स्टार्टरपाशी कितीही खटपट केली तरी जात नाही. प्लेट उलटी बसली असल्यास रिंग गिअर पुढेमागे सरकतो. तेव्हा पिनियन एकतर त्याला सतत घासतो किंवा पुरता पोहोचत नाही.

राहिला बोल्ट. मूळ बोल्टाच्या दांड्यावर बारीक खाचा असतात आणि तो छिद्रात घट्ट बसून स्टार्टरला नेमक्या जागी धरतो. बाजारातला साधा ३/८ इंची बोल्ट आटे जुळल्यामुळे आवळला जातो, पण दांडा सैल राहिल्याने प्रत्येक वेळी इंजिन फिरवताना स्टार्टर किंचित सरकतो आणि काळजीपूर्वक मोजलेले अंतर हरवते. हा सैलपणा तसाच राहू दिला, तर ब्लॉकच्या बिडाचा स्टार्टर धरणारा कोपराच फुटू शकतो, आणि मग नुकतेच बांधलेले इंजिन पुन्हा खाली उतरवण्याची पाळी येते.